मॅडम सोसायटीच्या चेअरमन झाल्या, म्हणजे नेमकं काय झालं?

आमच्या कॉम्प्युटर विभागातल्या एक मॅडम एका आंतरराष्ट्रीय प्रोफेशनल सोसायटीच्या चॅप्टरवर, म्हणजे शाखेवर, चेअर म्हणून निवडून आल्या, तेव्हा कॉलेजच्या गेटवर फ्लेक्स लागला. फीचा दुसरा हप्ता भरायला औशाकडून आलेले एका विद्यार्थ्याचे वडील तो फ्लेक्स बराच वेळ वाचत उभे होते. मी जवळून जात होतो, तर म्हणाले, "सर, मॅडम सोसायटीच्या चेअरमन झाल्या म्हणं. मग आता कर्जं त्यांच्या सहीनं निघतेत का?"

मला हसू आलं, पण चूक त्यांची नव्हती. आमच्या लातूर भागात 'सोसायटी' म्हटलं की गावची विविध कार्यकारी सेवा सहकारी सोसायटी. पीककर्ज, गटसचिव, बिनविरोध होता होता मोडलेलं पॅनल आणि चेअरमनची बुलेट. त्यांना घेऊन कँटीनमध्ये बसलो. चहा येईपर्यंत दुसरा प्रश्न आला, "मग पगार किती वाढला?"

एक रुपयाही वाढत नाही. उलट दरवर्षी वर्गणी स्वतःच्या खिशातून भरावी लागते. हे ऐकल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे भाव आले, ते मी आमच्या संस्थाचालकांच्या चेहऱ्यावरही पाहिलेले आहेत. त्यामुळे त्या दिवशी चहावर जे सांगितलं, तेच इथं जरा सविस्तर लिहितो.

तसं पाहिलं तर दोन्ही सोसायट्यांत पुष्कळ सारखेपणा आहे. सभासद असतात, वर्गणी असते, निवडणूक होते, वार्षिक सभा भरते, हिशेब द्यावा लागतो. फरक चेअरमनच्या हातात काय असतं त्याचा. गावच्या चेअरमनच्या हातात कर्जाची यादी असते. डॉक्टरला मेडिकल कौन्सिलकडे नोंदणी केल्याशिवाय दवाखाना थाटता येत नाही, वकिलाला १९६१ च्या कायद्याप्रमाणे बार कौन्सिलची सनद लागते, सीए लोकांची संस्था तर १९४९ च्या कायद्यानेच जन्माला आलेली. तिथं संस्थेच्या हातात छडी आहे: नीट वागला नाहीस तर सनद जाईल. कॉम्प्युटर इंजिनिअरला मात्र भारतात सनद लागत नाही. सोसायटीचं सभासद न होता माणूस चाळीस वर्षं कोड लिहून सुखाने निवृत्त होऊ शकतो. म्हणजे या सोसायट्यांकडे ना कर्ज, ना छडी. तरीही लोक येतात, राबतात आणि भांडतातही. ते का, हे कळलं की मॅडमच्या फ्लेक्सचा अर्थ कळतो.

या क्षेत्रात नावं मोजकीच. सगळ्यात मोठी आयट्रिपलई (IEEE). अमेरिकेत १८८४ साली विजेच्या इंजिनिअरांनी एक संस्था काढली होती आणि १९१२ साली रेडिओवाल्यांनी दुसरी. १९६३ मध्ये दोन्ही एक झाल्या, ती ही. आज तिचे जगभरात चार लाखांहून जास्त सभासद आहेत. तिच्या पोटात विषयवार वेगवेगळ्या सोसायट्या, त्यातली एक कॉम्प्युटर सोसायटी. हिचं मूळ १९४६ सालच्या मोठ्या गणकयंत्रांवरच्या एका समितीत सापडतं, म्हणजे 'कॉम्प्युटर' हा शब्द आपल्याकडे पोचायच्या कितीतरी आधी. दुसरी एसीएम (असोसिएशन फॉर कॉम्प्युटिंग मशिनरी), स्थापना १९४७, जी कॉम्प्युटर क्षेत्रातला सर्वोच्च मानला जाणारा ट्युरिंग पुरस्कार देते. आपल्याकडची कॉम्प्युटर सोसायटी ऑफ इंडिया १९६५ ची. टीसीएस नावारूपाला आणणारे एफ. सी. कोहली या भारतीय संस्थेचेही अध्यक्ष होते आणि आयट्रिपलईच्या आशिया-पॅसिफिक विभागाचे संचालकही. भारतात कॉम्प्युटर फारच थोडे होते त्या काळात ही माणसं कंपनीचं काम सांभाळून सोसायटीच्या बैठका घेत होती.

आता या सोसायट्या करतात काय? जर्नलं काढतात, परिषदा भरवतात, हे झालंच. पण तिसरं एक काम आहे, ज्याचा रोजच्या जगण्याशी थेट संबंध येतो आणि ज्याचं नाव कुणी काढत नाही. ते म्हणजे मानकं ठरवणं, स्टँडर्ड.

मानक म्हणजे काय ते मराठवाड्यातल्या माणसाला फार समजवावं लागू नये. आमच्या आजोबांच्या बोलण्यात 'हाली' आणि 'कलदार' हे दोन शब्द कायम असायचे. निजामाच्या राज्यात हाली शिक्का चालायचा आणि इंग्रजी मुलखात कलदार. बार्शी इंग्रजांकडे, लातूर निजामाकडे. बार्शीच्या बाजारातून लातूरच्या मोंढ्यात येणाऱ्याला प्रत्येक व्यवहार डोक्यात बदलून घ्यावा लागायचा. पुढे सात हाली म्हणजे सहा भारतीय रुपये असा भाव धरला गेला आणि १९५९ साली हाली कायमचा बंद झाला. रुपया दोन्हीकडे रुपयाच, पण इकडचा रुपया तिकडं रुपया नाही.

१९७० च्या दशकात कॉम्प्युटरमधल्या अपूर्णांकांची हीच गत होती. प्रत्येक कंपनीच्या मशीनमध्ये दशांश संख्या साठवायची आणि गोळाबेरीज करायची रीत वेगळी. एका मशीनवर बरोबर चालणारा प्रोग्राम दुसऱ्यावर चुकीचं उत्तर द्यायचा. काही मशीनवर तर एकमधून एखादी संख्या वजा करायची झाली तर प्रोग्रामर सरळ वजाबाकी करत नसत. आधी अर्ध्यातून वजा करायचे आणि मग उरलेला अर्धा मिळवायचे, कारण सरळ केलं तर शेवटचे अंक बिघडत. हे मंत्र-तंत्र ज्याला माहीत, त्याचंच गणित बरोबर.

या गोंधळात विल्यम काहान नावाचे प्राध्यापक पडले. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेत ते गणित आणि कॉम्प्युटर शिकवायचे. १९७७ मध्ये आयट्रिपलईखाली एक समिती जमू लागली. वेगवेगळ्या कंपन्यांची माणसं, एकमेकांचे स्पर्धक, आणि सगळे विनावेतन. काहान समितीचे अध्यक्ष नव्हते, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. अध्यक्षपद पुढे डेव्हिड स्टीव्हनसन यांच्याकडे होतं. काहान यांनी त्यांचा विद्यार्थी जेरोम कूनन आणि बर्कलीत पाहुणे म्हणून आलेले प्राध्यापक हॅरॉल्ड स्टोन यांच्यासोबत एक मसुदा मांडला. इंटेल कंपनी तेव्हा काहान यांच्याच सल्ल्याने एक गणिती चिप बनवत होती. तिच्या पोटातली गुपितं बाहेर न सांगता फक्त विचार समितीपुढे ठेवायची परवानगी त्यांनी मिळवली होती.

भांडण पेटलं एका बारीक मुद्द्यावरून. संख्या लहान होत होत इतकी लहान झाली की मशीनला ती नेहमीच्या पद्धतीनं मांडताच येत नाही, तर तिचं काय करायचं? डीईसी ही त्या काळातली बडी कंपनी म्हणत होती, सरळ शून्य धरा. काहान म्हणत होते, एकदम शून्यावर उडी मारू नका. अचूकता थोडी थोडी सोडत हळूहळू खाली उतरा.

हे कशाला इतकं महत्त्वाचं, ते मी वर्गात सराफाच्या काट्यावरून सांगतो. समजा एक काटा असा आहे की अर्ध्या ग्रॅमच्या खालचं वजन तो दाखवतच नाही, थेट शून्य. दोन अंगठ्या त्यावर ठेवल्या. एक पाच ग्रॅम, दुसरी पाच ग्रॅम आणि वर थोडी गुंजभर. काटा दोन्हींची वजनं वेगवेगळी दाखवतो. आता तेवढं गुंजभर सोनं वेगळं काढून त्याच काट्यावर ठेवलं तर काटा म्हणतो शून्य. म्हणजे दोन वस्तू सारख्या नाहीत, पण त्यांच्यातला फरक शून्य! प्रोग्राममध्ये हेच होतं. आपण आधी तपासतो, "क्ष आणि य सारखे आहेत का?" मशीन म्हणतं, नाहीत. मग बिनधास्त त्यांच्या फरकाने भागायला जातो आणि शून्याने भागाकार होऊन सगळं कोसळतं. काहान यांच्या पद्धतीत दोन संख्या वेगळ्या असतील तर त्यांचा फरक शून्य निघत नाही. एवढ्या एका आश्वासनासाठी वर्षानुवर्षं वाद चालला.

समोरच्या बाजूचं म्हणणं असं की हे वेगवान हार्डवेअरमध्ये बसणारच नाही. त्यावर बर्कलीतल्याच एका विद्यार्थ्याने डीईसीच्या मशीनसाठी असं गणित करणारे बोर्ड बनवून दाखवले. मग डीईसीने मेरीलँड विद्यापीठातल्या जी. डब्ल्यू. स्ट्युअर्ट या नाणावलेल्या गणितज्ञाला या मुद्द्याची तपासणी करायला सांगितलं. त्यांनी निकाल दिला तो काहान यांच्या बाजूने. आपणच बोलावलेला पंच आपल्याविरुद्ध बोलला की गावकीतसुद्धा वाद मिटतो. १९८५ साली अपूर्णांकांच्या गणिताचं हे मानक, क्रमांक ७५४, मंजूर झालं. चार वर्षांनी काहान यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

आता हे सगळं लातूरच्या लॅबमध्ये कुठं दिसतं? पहिल्या वर्षाच्या मुलांना मी पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत ०.१ अधिक ०.२ करायला लावतो. पडद्यावर उत्तर येतं ०.३०००००००००००००००४. तीनानंतर पंधरा शून्यं आणि शेवटी एक चार. मुलं दचकतात, एखादा म्हणतो, "सर, पीसी खराब आहे." पीसी खराब नाही. एक तृतीयांश जसा आपल्या दशमान पद्धतीत ०.३३३ असा कधीच संपत नाही, तसा एक दशांश मशीनच्या शून्य आणि एक या दोनच अंकांच्या पद्धतीत संपत नाही. कुठंतरी तोडावा लागतो आणि तो 'चार' म्हणजे त्या तोडल्याची खूण. पण गंमत पुढे आहे. हाच चार अगदी त्याच जागी नांदेडला येतो, टोकियोला येतो, मोबाइलवर येतो, लॅपटॉपवर येतो. चूक असली तरी सगळीकडे एकच चूक. हाली-कलदारचा घोळ संपला तो इथं. आणि तो संपवणाऱ्यांपैकी कुणालाच या बैठकांचा भत्ता मिळत नव्हता. कॉलेजच्या वाय-फायमागचं ८०२.११ हे मानकही याच संस्थेचं, पहिली आवृत्ती १९९७ ची.

अशा मानकावर मतदान होतं त्याचा नियम ऐकण्यासारखा आहे. मतदार गटातल्या किमान ७५ टक्के लोकांनी मत परत पाठवायला हवं आणि आलेल्या मतांत ७५ टक्के होकार हवेत. 'नाही' म्हणणाऱ्याने का ते लिहून द्यायचं आणि समितीने त्या प्रत्येक हरकतीला उत्तर द्यायचं. आमच्याकडच्या ग्रामसभेत हा नियम लावला तर काय होईल, याचा विचार मी अधूनमधून करतो.

तर नेतृत्वाचा खरा मामला हा आहे. समोरचा माणूस तुमचा नोकर नाही, विद्यार्थी नाही, मिंधाही नाही. उद्या उठून गेला तर तुम्ही काही करू शकत नाही. त्याला पटवावं लागतं, आणि पटवल्यावर पुन्हा आठवणीचा मेल टाकावा लागतो.

आयट्रिपलईतल्या पदांच्या पायऱ्या सांगायच्या तर सगळ्यात खाली कॉलेजची स्टुडंट ब्रँच. तिथं मुलंच पदाधिकारी आणि एक प्राध्यापक काउन्सेलर. त्यावर विषयाचा चॅप्टर, मग भागाचं सेक्शन, मग रीजन. जगाचे दहा रीजन केलेत आणि भारत दहाव्यात. सगळ्यात वर संस्थेचा अध्यक्ष, जो सभासदांच्या मतदानाने निवडला जातो. पण निवडून आल्या आल्या तो खुर्चीत बसत नाही. पहिलं वर्ष नियोजित अध्यक्ष म्हणून शिकायचं, दुसऱ्या वर्षी कारभार, तिसऱ्या वर्षी माजी अध्यक्ष म्हणून नव्याला हात द्यायचा. कारभार एकच वर्ष, त्यामुळे कुणाला बुड रोवता येत नाही. दैनंदिन काम पगारी कर्मचारी पाहतात, धोरण ठरवतात ते स्वयंसेवक. २०२३ चे अध्यक्ष सैफुर रहमान हे अमेरिकेत प्राध्यापक, पण पहिली पदवी ढाक्याची. कॉम्प्युटर सोसायटीच्या २०२४ च्या अध्यक्षांचं नाव ज्योतिका आठवले, हे वाचून आमच्या स्टाफरूममध्ये सगळ्यांचे कान टवकारले होते. त्यांच्यानंतर २०२५ साठी आले ते टोकियोच्या वासेदा विद्यापीठातले प्राध्यापक हिरोनोरी वाशिझाकी. सॉफ्टवेअर इंजिनिअरला काय काय यायला हवं याची जी जाडजूड मार्गदर्शिका आहे, तिच्या चौथ्या आवृत्तीचं काम त्यांच्याच नेतृत्वाखाली झालं.

वरच्यांनी ठरवलेलं खाली कसं पोचतं त्याचं एक उदाहरण देतो. इमेज प्रोसेसिंगच्या प्रॅक्टिकलला टोपी घातलेल्या, खांद्यावरून मागे बघणाऱ्या बाईचा फोटो असायचा, 'लेना'. मीही तोच वापरून शिकलो, पुढे शिकवलाही. तो फोटो मुळात १९७२ सालच्या एका पुरुषांच्या मासिकातला, हे कळायला मला कित्येक वर्षं लागली. कॉम्प्युटर सोसायटीने १ एप्रिल २०२४ पासून आपल्या जर्नलांत येणाऱ्या नव्या लेखांत तो फोटो घ्यायचा नाही असं ठरवलं. आता मुलं मिरचीचा किंवा पेनाचा फोटो वापरतात, काही बिघडलं नाही. आमच्या मॅडमनी मात्र विभागातल्या जुन्या प्रॅक्टिकल फायली स्वतः बसून तपासल्या होत्या. असली कामं कुठल्याच फ्लेक्सवर येत नाहीत.

मॅडमचं महिन्याचं काम जवळून पाहिलंय म्हणून सांगतो. मुंबईहून वक्ता बोलवायचा, तो रात्रीच्या रेल्वेने येणार, पहाटे स्टेशनवर कोण जाणार ते ठरवायचं. वक्त्याने ऐनवेळी नाही म्हटलं तर दुसरा शोधायचा. हॉलचा प्रोजेक्टर निळा पडतो, त्याची वायर कुठल्या वर्गातून आणायची. कार्यक्रम पार पडला की त्याच आठवड्यात सोसायटीच्या व्हीटूल्स नावाच्या प्रणालीत अहवाल भरायचा: किती सभासद आले, किती बिगरसभासद. हा अहवाल भरला नाही तर कार्यक्रम झालाच नाही असं धरलं जातं. यात मुलांचा फायदा काय? परवाच्या एका परिषदेत आमच्या तिसऱ्या वर्षाच्या मुलीने पोस्टर लावलं आणि ज्यांचा पेपर तिने वाचला होता तेच गृहस्थ समोर येऊन प्रश्न विचारू लागले. ती अडखळली, पण उत्तर दिलं. पुण्याच्या मुलांना ही संधी बसने मिळते, आमच्या मुलांना मॅडमच्या मेलांनी.

सगळीकडे असंच चालतं असं मात्र समजू नका. कॉलेजातल्या अभ्यासक्रमांचा दर्जा तपासणाऱ्या एनबीए मूल्यांकनात प्रोफेशनल सोसायट्यांच्या शाखांना आणि कार्यक्रमांना गुण असतात. त्यामुळे कमिटी यायच्या वर्षी शाखा उघडायची, उद्घाटनाचा फोटो काढायचा आणि पुढच्या वर्षी कुलूप, हा प्रकार मी डोळ्यांनी पाहिलाय. सभासदत्व डिसेंबरअखेर संपतं. जानेवारीत किती मुलांनी स्वतःहून नूतनीकरण केलं एवढं विचारा, शाखा जिवंत की मेलेली ते कळतं.

आणि एक सावधगिरी, कारण यात मी स्वतः पोळलोय. काही वर्षांपूर्वी मला एक मेल आला: "आमच्या जागतिक सोसायटीचे मानद फेलो म्हणून आपली निवड झाली आहे." भपकेबाज लेटरहेड, जोडीला प्रोसेसिंग फीचा आकडा. मी भरली. प्रमाणपत्र आलं, त्यात माझ्या नावाचं स्पेलिंग चुकलेलं. दुरुस्तीसाठी पुन्हा फी मागितली, तेव्हा डोळे उघडले. खऱ्या फेलोपदाचं, म्हणजे सभासदत्वाच्या सगळ्यात वरच्या पायरीचं, गणित वेगळंच आहे: आयट्रिपलईत मतदार सभासदांच्या हजारात जास्तीत जास्त एकाला वर्षाला ते मिळतं आणि त्याआधी सीनियर मेंबर व्हायलाच दहा वर्षांचा व्यावसायिक अनुभव आणि ओळखीच्या ज्येष्ठांची शिफारस लागते. म्हणून कुणी "मी अमुक सोसायटीचा अध्यक्ष झालो" म्हटलं की मी आता तीनच गोष्टी विचारतो: मतदार कोण होते, मुदत किती आणि हिशेब कुणाला देता? अस्सल माणूस उत्साहाने सांगायला लागतो. नकली माणूस फोटो दाखवतो.

औशाच्या त्या काकांना हे सगळं एका चहात सांगून झालं नाही, दुसरा मागवावा लागला. पुढच्या हप्त्याला ते आले तेव्हा बातमी त्यांच्याकडेच होती. "सर, पोरगं त्या ब्रँचचा खजिनदार झालंय म्हणं. तिजोरीची किल्ली त्याच्यापाशी राहती का?"

म्हटलं, काका, तिजोरी नाही. कॉम्प्युटरवर एक तक्ता आहे. त्यात सध्या तीनच ओळी आहेत: वक्त्याचं रेल्वे तिकीट, चहा-पोहे आणि बॅनर.

"तरी दर महिन्याला वाचून दाखव म्हणावं सगळ्यांला," ते म्हणाले. "आमच्या सोसायटीत तीन साल झाले, अजून दाखवला नाही."